रताळे, बटाटा आणि कमरेचा दोरा



गेल्या आठवड्यात आपल्या वर्गात मी फळ्यावर 'रताळे' हा शब्द लिहिला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी तो न अडखळता वाचला. मी शाबासकी दिली. तशा त्या म्हणाल्या, "गुरुजी, वाचायला आलं, पण खायला बंदी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरवा, गुडघे वाचवा. मला शेजारणीनं सांगितलं, मग जमिनीखालचं काहीच खायचं नाही."

लगेच दुसरी एक बाई म्हणाली, "मग एकादशीला खावं तरी काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर दिलं नाही, कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी मला पडला होता आणि त्याचं उत्तर मी साफ चुकीचं काढलं होतं. आज ती गोष्ट सांगतो. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला एक मास्तर आहे. पण हिशेब मला येतो, आणि या गोष्टीत बराचसा भाग हिशेबाचाच आहे.

नोकरीत असताना मी मुरबाडच्या डोंगराकडच्या एका शाळेत होतो. रोज सायकलवर जाऊनयेऊन चौदा किलोमीटर. हेडमास्तर झालो, शहापूरकडे आलो, आणि सायकल सुटली. पुढे निवृत्त झालो. सकाळी खुर्ची, दुपारी पलंग, संध्याकाळी पाराचा कट्टा. वजन ८४ किलो झालं. कमर १०४ सेंटिमीटर. रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, साखर अगदी कुंपणावर बसली आहे. वजन उतरवा, नाहीतर ती आत उडी मारेल."

मी घाबरलो. घरी आल्या आल्या भात बंद केला. बटाटा, रताळं, सुरण, अळकुड्या, सगळं बंद. परसात कोनफळाचा वेल होता, तो उपटायला निघालो होतो. सौ.ने हात धरला. म्हणाली, "वेलानं काय केलंय तुमचं? पोट तुमचं, राग वेलावर!"

दोन महिने असे काढले. वजन उतरलं किती? एक किलो. आणि जीव मात्र सारखा खाखा करायचा. चार वाजले की डब्यातली शेव काढायची. चहा दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर. हे मी मोजतच नव्हतो, कारण शेव आणि साखर काही जमिनीखाली उगवत नाहीत!

त्यातच एके दिवशी पहाटे उपाशीपोटी माहुली किल्ल्याच्या पायथ्याकडे चालायला निघालो. मार्गशीर्षातली थंडी होती. चढ लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याच्या कडेला बसलो. समोरून एक ठाकर बाई डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. पाटीत करांदे. तिने पाटी उतरवली, स्वतःच्या फडक्यातला उकडलेला करांदा सोलून माझ्या हातावर ठेवला. "मास्तर, खा हे. पोटात काही नाही आणि डोंगराला निघालात?"

मी खाल्ला. पाणी प्यायलो. थोड्या वेळाने हुशारी आली. ती बाई उठली, पाटी उचलली आणि झपाझपा निघून गेली. पाटी पंधरा किलोची तरी असेल. तिच्या अंगावर चरबी म्हणून नव्हती. थंडीत तिच्या घरी करांदेच शिजतात. मग ती करांदे खाऊन लठ्ठ कशी झाली नाही? आणि मी ते सोडून बारीक कसा झालो नाही? घरी येईपर्यंत हाच विचार डोक्यात होता.

आता जरा समजून घेऊ. बटाटा, रताळे, सुरण, अळकुडी, करांदा, कोनफळ ही कंदमुळे. यांच्यात पिठूळ सत्त्व असते. तसेच सत्त्व भातात असते, भाकरीत असते. पोटात गेल्यावर त्याची साखर होते. थोडी लगेच वापरली जाते. थोडी यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते. तुम्ही चालता, पळता, ओझे उचलता, तेव्हा ती साठवण खर्ची पडते. साठवणीची कोठी भरली आणि वरून आणखी अन्न येतच राहिले, की त्याची चरबी होते. मग ते अन्न कंदाचे असो, तांदळाचे असो की तेलाचे. कोठीला त्याचे नाव ठाऊक नसते.

अन्नातली ताकद मोजायचे एक माप आहे. त्याला उष्मांक म्हणतात. डॉक्टर कॅलरी म्हणतात. दूध जसे लिटरने मोजावे, तसे हे. मध्यम आकाराचा एक उकडलेला बटाटा, म्हणजे साधारण १०० ग्रॅम, त्यात सुमारे ८५ उष्मांक असतात. रताळ्यातही जवळजवळ तेवढेच. अळकुडी, करांदा, कोनफळ जरा घट्ट, त्यांत शंभर-सव्वाशे, कधी थोडे जास्त. आणि शिजलेल्या भातात? १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. म्हणजे ज्या बटाट्याला मी शत्रू समजलो, तो वजनाला वजन भातापेक्षा हलका निघाला!

याचे कारण सोपे आहे. कंदात पाणी भरपूर असते. चोथाही असतो, विशेषतः सालीसकट खाल्ला तर. म्हणून पोट लवकर भरते. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९९५ साली विद्वानांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येक पदार्थ सारख्याच उष्मांकांचा माणसांना खायला दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेले वाटते ते विचारले. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला. पांढऱ्या पावाच्या तिप्पटीहून अधिक गुण त्याला मिळाले.

आता तोच बटाटा कापा आणि तेलात सोडा. त्याचे पाणी उडून जाते, त्या जागी तेल शिरते. १०० ग्रॅम तळलेल्या वेफरमध्ये पाचशेच्या वर उष्मांक भरतात. बटाटा तोच. काम तेलाने केले.

वडापावचे तसेच. आसनगावला, खर्डीला लोकल पकडणारी आपली पोरे सकाळी उभ्या उभ्या एक वडापाव खातात, संध्याकाळी उतरल्यावर दुसरा. भिवंडीच्या गोदामात आणि मुरबाडच्या कारखान्यांत दिवसभर एका जागी उभे राहायचे काम. बटाटा पिठात बुडवला, तेलात तळला आणि मैद्याच्या पावात घातला. अशा एका वडापावात साधारण तीनशे उष्मांक. ८० किलोच्या माणसाने तासभर भरभर चालावे, तेव्हा एवढे खर्च होतात. मी वडापावचा वैरी नाही. मला तो आवडतो. पण तो पाच मिनिटांत खाऊन होतो आणि उतरवायला तास लागतो, हा हिशेब ठेवा.

मग मी घरच्या तेलाचा हिशेब मांडला. आम्ही घरात चार माणसे. महिन्याला पाच किलो तेल संपत होते. चारांनी भागा, तीस दिवसांनी भागा. माणशी दिवसाला ४२ ग्रॅम. एका ग्रॅम तेलात ९ उष्मांक. म्हणजे नुसत्या तेलाचे पावणेचारशेच्या घरात. बसून काम करणाऱ्याला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तेल पुरते. आणि माझा सहा कप चहा? बारा चमचे साखर, साठ ग्रॅम, २४० उष्मांक. मी बटाटा सोडून बसलो होतो आणि दोन भुंगे घरात मोकळे होते. सौ.ने हे आकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढी वर्षं पोरांना भागाकार शिकवलात, घरचा कधी केला नाही." आज आमच्या घरी महिन्याला तीन किलो तेल येते. करून पाहा, पंचवीस ग्रॅमच येतात. भाजीची चव पहिले पंधरा दिवस वेगळी लागली, मग लागेनाशी झाली.

पण थांबा. याचा अर्थ बटाटा हवा तेवढा खावा, असा कोणी घेऊ नका. आपली खरी चूक ताटात आहे. आपण कंदाला भाजी समजतो. ताटात भात, बाजूला भाकरी आणि तोंडी लावायला बटाट्याची भाजी. नावे तीन, पण पदार्थ एकच! तिन्ही पिठूळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावी. त्यात बटाटा, रताळी आणि तसली कंदमुळे धरायची नाहीत, असे तिने स्पष्ट म्हटले आहे. त्यांची पंगत भात-भाकरीची. म्हणून ज्या दिवशी ताटात रताळे किंवा करांदा, त्या दिवशी भाकरी एक कमी किंवा भात अर्धा. एवढे केले की कंद तुमचा मित्र.

ताटाचा उरलेला भाग कशाने भरायचा? अर्धे ताट पालेभाजी आणि फळभाजीने भरा. पावसाळ्यात आपल्याकडे काय कमी आहे? टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, शेवळं. फुकटची भाजी रानात उभी असते आणि आपण बाजारात बटाटा तोलून घेतो. पाव भाग वाल, तूर, हरभरा, मूग, नाहीतर अंडे, सुकट, मासळी. उरलेल्या पाव भागात भात, भाकरी किंवा कंद. रायगडाकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून मडके आगीत ठेवतात. तेलाचा थेंब नाही. मला ती पद्धत फार आवडते.

आता एकादशीचे बघू. कोणी उपवास करावा की करू नये, हे मी सांगणार नाही. तो ज्याचा त्याचा भाव. पण बशीत काय येते ते पाहू. साबुदाणा हा दाणा नव्हे. तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओका नावाच्या कंदाचे सत्त्व काढून त्याच्या गोळ्या करतात. पाणी आणि चोथा गेलेला, नुसते सत्त्व उरलेले. कोरडा साबुदाणा १०० ग्रॅम घेतला तर साडेतीनशे उष्मांक. एका माणसाच्या खिचडीला ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप धरा. बेरीज पाचशेच्या आसपास जाते. आणि पाव किलो उकडलेले रताळे? सव्वादोनशेच्या आत. पोट मात्र रताळ्यानेच जास्त वेळ भरलेले राहते. बरोबर ताक घ्या. एकादशीला खिचडी, वर वेफर, वर दाण्याचा लाडू, म्हणजे उपवास नव्हे, ती मेजवानी झाली.

जाता जाता एक गंमत. बटाटा, रताळे आणि साबुदाण्याचा तो कंद, तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. बटाट्याचे तर नावही पोर्तुगीजांनी दिलेले. सुरण, अळू, करांदे मात्र आपल्या रानात फार पूर्वीपासूनचे. परके कंद फराळाच्या ताटात बसले आणि आपल्या रानातला करांदा पाटीतच राहिला.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटे आहेत. तिथले म्हातारे फार जगतात म्हणून प्रसिद्ध. १९४९-५० च्या सुमारास तिथल्या माणसांच्या अन्नातली निम्म्याहून जास्त ताकद रताळ्यातून येत होती. पण ती माणसे शेतात राबणारी, पोटभर भाजी खाणारी, तेलाला हात आखडता. पुढे तिथे तळलेले आणि डब्यातले अन्न आले. तशी पुढच्या पिढीची वजने वाढली. आपल्या ठाकर बाईची गोष्ट आणि त्या बेटांची गोष्ट एकच आहे.

आता व्यायाम करणाऱ्यांसाठी सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीसाठी पळत होता. मुलांना १६०० मीटर पळावे लागते, मुलींना ८००. याचे वजन जास्त. कोणीतरी सांगितले, भात, भाकरी, बटाटा सगळे सोड. पंधरा दिवसांत चार किलो उतरले. पोरगा खूश. पण मैदानावर तिसऱ्या फेरीला पाय जड व्हायचे आणि दम तुटायचा. माझ्याकडे आला. रडवेला झाला होता. "गुरुजी, वजन कमी झालं, पण पळायची वेळ वाढली."

त्याचे कारण असे. पिठूळ अन्न तोडले की स्नायूंतली साठवण संपते. त्या साठवणीबरोबर तिच्या तिप्पट पाणी अंगात असते. ते बाहेर पडते. काटा खाली येतो आणि माणूस फसतो. चरबी तिथेच असते, पळायची शक्ती मात्र गेलेली असते. मी त्याला माझी चूक सांगितली. मग तो पहाटे पळण्याआधी अर्धे उकडलेले रताळे खाऊ लागला. आल्यावर दोन अंडी आणि उसळ. दुपारी थोडा भात, रात्री भाजी जास्त. वडापाव बंद. चार महिन्यांत वजन पाच किलो उतरले आणि वेळही उतरली. भरतीत मैदान त्याने मारले. लेखी परीक्षेत दोन गुण कमी पडले. यादीत नाव नाही. मला फार वाईट वाटले. पण पोरगा अजून पहाटे पळतो, पुढच्या भरतीसाठी. आता रात्री माझ्याकडे अंकगणित शिकायला येतो.

काही जण म्हणतील, आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला? लावणीला आणि कापणीला कोणी व्यायाम करू नये, मान्य आहे. पण मधले महिने? नांगर गेला, पॉवर टिलर आला. कोसावर जायला मोटारसायकल आली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला निदान १५० मिनिटांचा आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतके भरभर. ज्या बाया उन्हाळ्यात पाड्यावरून दोन हंडे घेऊन विहीर गाठतात, त्यांना मात्र मी हे सांगणार नाही. तानसा आणि भातसा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि हंडा आपल्या बायांच्या डोक्यावर. तो विषय वेगळा, त्यावर एकदा बोलू.

आणि एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वजन उतरवा हा सल्ला सगळ्यांसाठी नाही. आपल्याच तालुक्यात एका घरात सुटलेले पोट आहे आणि दोन घरे पलीकडे अंगावर मांस नसलेली पोरे आहेत. वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, वाढत्या मुलाला रताळे, करांदे पोटभर द्या. बरोबर डाळ द्या, अंडे द्या. त्यांचे अन्न कोणी तोडू नये. सासूचे वजन वाढले म्हणून सुनेचा भात कमी झाला, असे एक घर मी पाहिले आहे.

ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, त्यांनी माझ्या बोलण्यावर जाऊन जेवण तोडू नये, उपवासही धरू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. आधी दवाखान्यात विचारा. रताळे किती आणि कशाच्या बदली, तेही तिथेच विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कंदांबाबत जास्तच जपावे लागते. बटाटा हिरवा पडला किंवा त्याला मोड आले तर तो फेकून द्या, त्यात विष असते. कडू करांदा पारख असलेल्यांकडून शिकल्याशिवाय शिजवू नये. आपल्या कातकरी, ठाकर बाया तो राखेत शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात. ते त्यांचे शास्त्र आहे. सुरणाला चिंच किंवा आमसूल लावा, म्हणजे घसा खाजत नाही, हे तुम्ही मला शिकवाल.

वजनकाटा सगळ्यांच्या घरी नसतो. त्याची गरजही नाही. मी आज दोन दोरे करून आणले आहेत. लाल दोरा ९० सेंटिमीटरचा, तो पुरुषांचा. पिवळा ८० सेंटिमीटरचा, तो बायकांचा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि बेंबीच्या वरच्या अंगाने दोरा गुंडाळा. दोन टोके भेटली तर ठीक. भेटली नाहीत तर तेल, साखर आणि चालणे यांचा हिशेब मांडायला बसा. गर्भार बाईने हे मोजू नये. दोरे वर्गाच्या पेटीत राहतील. ज्याला लाज वाटते त्याने घरी न्यावे, पण परत आणावे.

माझे वजन आता ७७ किलो आहे. साखर कुंपणावरच आहे, पण आत उतरलेली नाही. कोनफळाचा वेल परसात आहे, यंदा त्याला चांगले कंद लागले. लाल दोऱ्याची टोके भेटायला मला अजून चार बोटे कमी पडतात.